डब्यावर नाव तुमचं, तर सोर्सही तुम्हीच द्यायचा

गेल्या अंकात तयार बोर्ड घेऊन त्यावर आपलं प्रॉडक्ट कसं उभं करायचं हे लिहिलं होतं आणि शेवटी एक ओळ टाकली होती की फर्मवेअरची, म्हणजे बोर्डच्या आत बसवलेल्या सॉफ्टवेअरची, लायसन्स आधी वाचा. त्या एका ओळीवरच इतके प्रश्न आलेत की हा अख्खा कॉलम त्यालाच देतोय. काही प्रश्न लांब होते, ते थोडे कमी केलेत. सगळीकडे येणारं जीपीएल म्हणजे असं लायसन्स की त्याखालचं सॉफ्टवेअर कोणीही वापरावं, बदलावं, पुढे द्यावं, पण पुढे देताना त्याचा सोर्स, म्हणजे माणसाने लिहिलेला मूळ कोड, द्यायचा.

प्रश्न : आमचं भोसरीला छोटं युनिट आहे, मशीनवरचा डेटा गोळा करून सर्व्हरला पाठवणारे गेटवे बनवतो. बोर्ड आणि त्याचा एसडीके (सॉफ्टवेअर बनवायचं किट) चीनच्या सप्लायरकडून येतो, आत जुनं ओपनवर्ट (राउटरसाठीचं लिनक्स) आहे. आम्ही लोगो, लॉगिन पेज आणि डिफॉल्ट आयपी एवढंच बदलतो. आता जर्मनीचा एक कस्टमर पीओ (खरेदीची ऑर्डर) द्यायच्या आधी विचारतोय की जीपीएल सोर्स कुठे मिळेल. सप्लायर म्हणतो कॉन्फिडेन्शियल आहे, देता येणार नाही. आम्ही कोडची एक ओळ लिहिलेली नाही, मग जबाबदारी आमची कशी?

उत्तर : जबाबदारी तुमचीच आहे. आधीच स्पष्ट सांगतो, कारण याच मुद्द्यावर चांगले चांगले लोक वर्षानुवर्षं गैरसमजात राहतात आणि मोठी ऑर्डर अडकली की मग धावपळ होते. कोड कोणी लिहिला हे जीपीएल बघतच नाही, कॉपी कोणी कोणाला दिली तेवढंच बघतं. तुम्ही गेटवे विकला म्हणजे त्याच्या फ्लॅशमधला लिनक्स कर्नल (सिस्टिमचा गाभा), बिझीबॉक्स (लिनक्सच्या छोट्या कमांडचा संच), आयपीटेबल्स, यूबूट हे सगळं बायनरी, म्हणजे फक्त मशीनला कळणाऱ्या, रूपात कस्टमरच्या हातात दिलंत. ती कॉपी द्यायचा हक्क तुम्हाला मिळतो तो फक्त त्या लायसन्समधून, दुसरा कुठलाच कागद तुमच्याकडे नाही. अट पाळली नाही तर तो हक्क जातो आणि मग उरतं ते कॉपीराइटचं उल्लंघन, जर्मनीतही आणि इथेही. आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा असला तरी कॉम्प्युटर प्रोग्रॅम त्यात वाङ्मयीन कृतीतच धरलाय.

तुमच्यासारखीच गोष्ट फार मोठ्या कंपनीच्या बाबतीत घडलेली आहे आणि ती माहीत असायला हवी. लिंक्सिसचा डब्ल्यूआरटी५४जी राउटर, तो निळा-काळा दोन अँटेनावाला, २००२ च्या डिसेंबरमध्ये बाजारात आला. २००३ च्या मार्चमध्ये सिस्कोने जवळपास ५० कोटी डॉलरला लिंक्सिस विकत घ्यायचं जाहीर केलं आणि जूनमध्ये कर्नल डेव्हलपर मंडळींच्या लक्षात आलं की या राउटरच्या फर्मवेअरमध्ये लिनक्स आहे पण सोर्स कुठेच दिलेला नाही. आता बघा, चिप ब्रॉडकॉमची, फर्मवेअरचं काम तैवानच्या सायबरटॅनने केलेलं, डब्यावर नाव लिंक्सिसचं आणि लिंक्सिस नुकतीच सिस्कोची झालेली. म्हणजे सिस्कोने तर कंपनी विकत घेताना तो लिनक्स कदाचित पाहिलाही नसेल, पण उत्तर द्यायची वेळ आली ती डब्यावर नाव असणाऱ्यावर. त्याच वर्षी सोर्स बाहेर आला. पण प्रकरण तिथे संपलं नाही, नवी मॉडेलं निघत गेली, त्यांच्या सोर्सच्या तक्रारी येत राहिल्या आणि २००८ च्या डिसेंबरमध्ये जीपीएल बनवणाऱ्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने सिस्कोवर केस टाकली, ती मे २००९ मध्ये मिटली. मिटवताना सिस्कोने लिंक्सिसच्या लायसन्स पाळण्यावर लक्ष ठेवायला वेगळा माणूस नेमायचं मान्य केलं आणि फाउंडेशनला देणगीही दिली. पाच-सहा वर्षं कंपनीने ज्यात घालवली ते काम सुरुवातीला केलं असतं तर एका इंजिनिअरचं काही दिवसांचं होतं.

आणि या गोष्टीची दुसरी बाजू मला जास्त महत्त्वाची वाटते. तो सोर्स बाहेर आला म्हणून २००४ मध्ये ओपनवर्ट सुरू झालं, जे आज तुमच्या गेटवेमध्ये चालतंय! लोकांनी त्या राउटरवर स्वतःची फर्मवेअर बनवली, राउटर धडाधड खपला. पुढे कंपनीने पाचव्या व्हर्जनला मेमरी अर्धी केली, ४ एमबी फ्लॅशची २ आणि १६ एमबी रॅमची ८, आणि लिनक्स काढून व्हीएक्सवर्क्स ही बंद सोर्सची सिस्टिम टाकली, तर लिनक्सवाल्या राउटरला मागणी एवढी होती की डब्ल्यूआरटी५४जीएल नावाने तो वेगळा विकावा लागला. म्हणून सोर्स दिला की धंदा बुडतो असं कोणी म्हणालं की मी हे उदाहरण देतो.

आता सप्लायरचं. कॉन्फिडेन्शियल हा शब्द जीपीएल कोडला लागू होत नाही, त्याच लायसन्समध्ये लिहिलंय की पुढे देताना जास्तीची बंधनं घालायची नाहीत, त्यामुळे कर्नलमधल्या त्यांच्या बदलांवर एनडीए (गुप्ततेचा करार) लावता येत नाही. वायफाय चिपमध्ये लोड होणारी बंद फर्मवेअर फाइल वेगळी, ती त्यांची खासगी असू शकते, पण तेवढ्यासाठी अख्खा एसडीके दाबून ठेवता येत नाही. त्यांना नेमकं मागा : ज्या बिल्डची इमेज (सोर्सपासून बनवलेली, बोर्डवर टाकायची तयार फाइल) तुम्हाला दिली त्याच बिल्डचा कर्नल सोर्स, त्याची डॉट कॉन्फिग फाइल (बिल्डच्या सेटिंग), डिव्हाइस ट्री (बोर्डवर काय काय जोडलंय त्याचं वर्णन), सगळे पॅचेस, टूलचेन (कंपायलर वगैरे) कोणतं वापरलं ते आणि बिल्ड करायच्या स्क्रिप्ट. लायसन्सच्या दुसऱ्या आवृत्तीत, म्हणजे जीपीएल दोनमध्ये, हे शब्दशः आहे, कंपाइल आणि इन्स्टॉल कंट्रोल करणाऱ्या स्क्रिप्टसुद्धा सोर्समध्येच मोडतात. नुसती कर्नल डॉट ऑर्गची, म्हणजे मूळ लिनक्सच्या साइटची, लिंक पाठवली तर ती घेऊ नका.

मी स्वतः एका कामात अशी फसगत अनुभवली आहे. सप्लायरने झिप पाठवली, आम्ही खूश, कस्टमरला कळवलंसुद्धा, आणि बिल्ड करायला बसलो तर डॉट कॉन्फिगच नाही आणि डिव्हाइस ट्री दुसऱ्याच बोर्डाची. दोन आठवडे गेले त्यात आणि कस्टमरपुढे मान खाली गेली ते वेगळंच. तेव्हापासून माझा नियम एकच आहे, आपल्या मशीनवर सोर्स बिल्ड करून ती इमेज बोर्डवर बूट झाल्याशिवाय सप्लायरचं शेवटचं पेमेंट सोडायचं नाही, आणि हे पीओमध्येच लिहायचं. आधी पैसे देऊन मग मागत बसलात तर तुमच्या हातात काहीच राहत नाही.

तरीही दिला नाही तर बोर्ड बदला. कठीण वाटेल पण करा, ओपनवर्टच्या मेन रिपॉझिटरीत ज्या चिपला सपोर्ट आहे अशा चिपचा बोर्ड बघा, मग सोर्स कोणाकडे मागायचीच गरज नाही. जर्मनीचा कस्टमर उगाच विचारत नाहीये, २००४ च्या एप्रिलमध्ये म्युनिकच्या कोर्टाने लिनक्सच्या नेटफिल्टर या फायरवॉलच्या कोडवरून साइटकॉम कंपनीला राउटर विकण्यापासून रोखणारा आदेश दिला होता, तेव्हापासून तिथले लोक या बाबतीत फार सावध आहेत. आणि आता युरोपचा सायबर रेझिलियन्स कायदाही आलाय, तो २०२४ च्या डिसेंबरमध्ये लागू झाला, त्यातल्या मुख्य अटी २०२७ च्या डिसेंबरपासून पाळायच्या आहेत आणि त्यात आत कुठलं सॉफ्टवेअर आहे त्याची यादी ठेवणं आलंच. म्हणजे हा प्रश्न इथून पुढे प्रत्येक पीओला येणार.

प्रश्न : सप्लायरने आम्हाला त्यांचं एक ऑफर लेटर दिलंय की सोर्स हवा असेल तर आमच्याकडे मागा. तेच कस्टमरला फॉरवर्ड केलं तर चालेल ना? (चाकण)

उत्तर : नाही चालणार. जीपीएल दोनमध्ये तशी सोय आहे पण फक्त बिगर-व्यावसायिक वाटपासाठी. तुम्ही माल विकताय, तुमच्याकडे दोनच रस्ते आहेत. एक, वस्तूसोबतच पूर्ण सोर्स द्यायचा. दोन, तुमच्या स्वतःच्या नावाने लेखी ऑफर द्यायची, किमान तीन वर्षं चालणारी, आणि ती कोणीही मागितली तरी पाळायची, फक्त गिऱ्हाइकाने नाही. पैसे घ्यायचे तर पाठवायचा प्रत्यक्ष खर्च असेल तेवढेच. जीपीएल तीनमध्ये तर तीन वर्षं आणि त्यापुढेही जोवर त्या मॉडेलचे स्पेअर किंवा सपोर्ट देताय तोवर.

मी सगळ्यांना पहिला रस्ता सांगतो. ऑफर लेटर दिलं की तीन वर्षं ते डोक्यावर राहतं, मधे इंजिनिअर सोडून जातो, लॅपटॉप फॉरमॅट होतो आणि नेमका तेव्हाच कोणाचा तरी ईमेल येतो. त्यापेक्षा डब्यात पेनड्राइव्ह टाका, विषय तिथेच संपला. आणि वेबसाइटची लिंक छापली की झालं असं समजू नका. स्काइपने एक वायफाय फोन स्वतःच्या साइटवरून विकला होता, बनवलेला एसएमसी कंपनीने, आत लिनक्स. सोबतच्या कागदावर लायसन्स आणि सोर्स कुठे मिळेल त्याची वेबलिंक दिली होती. २००७ मध्ये म्युनिकच्या कोर्टाने सांगितलं की एवढ्याने अट पूर्ण होत नाही, लायसन्सचा मजकूर वस्तूसोबत हवा. पुढच्या वर्षी स्काइपने अपील मागे घेतलं. तिथेही बनवणारा दुसरा होता, पण कोर्टात उभं राहावं लागलं विकणाऱ्याला.

प्रश्न : मी नाशिकला अंबड एमआयडीसीत जॉबला आहे, डिप्लोमा करून दोन वर्षं झाली. आम्ही लिनक्सवर एचएमआय (मशीन चालवायची स्क्रीन) बनवतोय, स्क्रीनचं सॉफ्टवेअर क्यूट या लायब्ररीत आहे. आमचे सर म्हणतात लिनक्स घेतलं तर आपला सगळा कोड जगाला द्यावा लागेल म्हणून लिनक्सच नको. हे खरंय का?

उत्तर : नाही, आणि तुझ्या सरांची भीती मी समजू शकतो कारण कंपनीचं पोट त्या कोडवर आहे. पण सीमा नीट आखलेली आहे. कर्नलच्या लायसन्सच्या फाइल्समध्येच लिनक्स सुरू करणाऱ्या लिनस टॉरवाल्ड्सची टीप आहे की जे प्रोग्रॅम नॉर्मल सिस्टिम कॉल वापरून कर्नलच्या सेवा घेतात ते कर्नलचे व्युत्पन्न काम (त्यातूनच तयार झालेलं काम) धरले जात नाहीत. म्हणजे तुमची स्क्रीनची अ‍ॅप, मशीनचं लॉजिक, रेसिपी, अल्गोरिदम हे सगळं युजर स्पेसमध्ये, म्हणजे कर्नलच्या बाहेर, वेगळी प्रोसेस म्हणून चालत असेल तर ते तुमचं, ते कोणी मागू शकत नाही. बिझीबॉक्सच्या कमांड स्क्रिप्टमधून चालवल्या तरी तुमचा प्रोग्रॅम जीपीएल होत नाही.

गडबड होते ती दोन ठिकाणी. पहिलं, कर्नल मॉड्यूल, म्हणजे कर्नलमध्येच जोडला जाणारा ड्रायव्हरसारखा भाग. वेळ वाचवायला कोणीतरी कंपनीचं खास कंट्रोल लॉजिक ड्रायव्हरमध्ये घालतं आणि मग तो ड्रायव्हर बंद ठेवायचा म्हणतं. कर्नलमध्ये बरेच फंक्शन असे आहेत की जे फक्त जीपीएल मॉड्यूललाच मिळतात, ते वापरायला काही जण मॉड्यूलवर खोटंच जीपीएल लिहितात. असं अजिबात करू नका. ड्रायव्हर पातळ ठेवा, रजिस्टर वाचणं-लिहिणं एवढंच, तो उघडा द्या, आणि अक्कल सगळी वर युजर स्पेसमध्ये ठेवा. हे डिझाइनच्या पहिल्या दिवशी ठरवायचं असतं, नंतर फार महाग पडतं.

दुसरं, लायब्ररी. क्यूटची बहुतेक मॉड्यूल्स आता एलजीपीएल तीनखाली (जीपीएलचं सौम्य रूप) मिळतात, कमर्शियल लायसन्स घेतलं नसेल तर. एलजीपीएलमध्ये तुमचा कोड बंद ठेवता येतो, पण ज्याच्याकडे मशीन आहे त्याला ती लायब्ररी बदलून तुमच्या अ‍ॅपसोबत पुन्हा जोडता आली पाहिजे. म्हणून डायनॅमिक लिंक करा, म्हणजे लायब्ररी वेगळी फाइल राहते. स्टॅटिक केलंत, म्हणजे लायब्ररी अ‍ॅपमध्येच मिसळली, तर तुमच्या ऑब्जेक्ट फाइल द्याव्या लागतात आणि तेही कोणी करत नाही. शिवाय काही मॉड्यूल्स फक्त जीपीएलमध्येच आहेत, एखादं चार्टचं किंवा व्हर्च्युअल कीबोर्डचं मॉड्यूल वापरायच्या आधी त्याचं लायसन्स त्या मॉड्यूलच्याच पानावर बघ, बाकी क्यूटचं बघून ठरवू नकोस.

तू हे सगळं एका कागदावर मांड, कुठला कोड कुठे चालतो, कुठल्या लायब्ररीला कसा जोडलाय, आणि सरांना दाखव. चित्र समोर दिसलं की बोलणं सोपं होतं.

प्रश्न : एमआयटी, बीएसडी, अपाची वगैरे लायसन्सना काहीच करावं लागत नाही ना? आम्ही फ्रीआरटीओएस (छोट्या चिपसाठीची सिस्टिम) वापरतो. (पणजी)

उत्तर : सोर्स द्यावा लागत नाही, पण काहीच नाही असं नाही. एमआयटी आणि बीएसडी दोन्हीत कॉपीराइटची ओळ आणि लायसन्सचा मजकूर सोबत ठेवायची अट आहे, बीएसडीत तर बायनरीसोबतच्या डॉक्युमेंटेशनमध्ये तो हवा असं स्पष्ट आहे. अपाचीत नोटीस नावाची फाइल असेल तर तीही पुढे जायला हवी. फ्रीआरटीओएस व्हर्जन १० पासून एमआयटी आहे, त्याच्या आधीचं जुनं व्हर्जन वापरत असाल तर ते बदल केलेलं जीपीएल होतं, तेव्हा व्हर्जन तपासा. युजर मॅन्युअलच्या शेवटी दोन पानं जोडली की काम झालं.

प्रश्न : मी कोल्हापूरला थ्रीडी प्रिंटर असेंबल करून विकते, महिन्याला पाच-सहा. मार्लिन फर्मवेअर आहे आणि मी फक्त कॉन्फिगरेशनच्या दोन फाइल बदलते. एवढ्यासाठी सोर्स द्यायचा का?

उत्तर : हो ताई, द्यायचा, आणि तुमच्यासाठी हे सगळ्यात सोपं आहे. मार्लिन जीपीएल तीनमध्ये आहे. पाच विका नाहीतर पाच हजार, अट तीच. तुमच्या त्या दोन फाइलच खरं तर गिऱ्हाइकाला सगळ्यात जास्त लागतात, बेडची साइज, मोटरच्या स्टेप्स, थर्मिस्टर कुठला, हे सगळं त्यांतच असतं. उद्या कोणी नोझल किंवा हॉटएंड बदलला तर त्याला तुमच्या आकड्यांवरूनच पुढे जावं लागेल. मार्लिनचं ज्या व्हर्जनवरून बिल्ड केलं ते पूर्ण आणि त्यात तुमच्या फाइल, असं प्रिंटरसोबतच्या मेमरी कार्डवरच टाकून द्या, टेस्ट प्रिंटच्या फाइल टाकता तिथेच. क्रिएलिटी कंपनीचा एंडर ३ प्रिंटर सुरुवातीला सोर्सशिवाय विकला जायचा, लोकांनी पाठपुरावा केल्यावर २०१८ मध्ये त्यांनी तो उघडा केला, आणि त्या प्रिंटरभोवती लोकांनी केवढी सुधारणा केली ते तुम्ही रोज बघताच.

प्रश्न : मी ग्राहक आहे. घरी एक राउटर आणि एक टीव्ही बॉक्स आहे, दोन्हीत लिनक्स आहे असं मुलाने दाखवलं. राउटरला तीन वर्षं अपडेट नाही. सोर्स मागायचा हक्क मला आहे का आणि मागायचा कसा? (सातारा)

उत्तर : आहे, आणि तुम्ही मागावा असं मला मनापासून वाटतं. कंपनी अपडेट द्यायची बंद करते तेव्हा राउटर बिघडलेला नसतो, फक्त अनाथ झालेला असतो, आणि सोर्स असेल तर दुसरं कोणीतरी तो चालता ठेवू शकतं. नाहीतर चांगली वस्तू भंगारात जाते.

आधी मॅन्युअलच्या शेवटची पानं आणि सेटिंगमधलं लीगल किंवा ओपन सोर्स असं काही लिहिलेलं पान बघा, ऑफर तिथे असते. मग ईमेल करा आणि त्यात मॉडेल नंबर, खालच्या स्टिकरवरचं हार्डवेअर व्हर्जन आणि लॉगिन पानावर दिसणारं फर्मवेअर व्हर्जन हे तिन्ही लिहा, कारण एकाच मॉडेलच्या दोन व्हर्जनमध्ये चिप वेगळी असू शकते आणि तुम्हाला भलताच सोर्स येईल. भाषा सौम्य ठेवा. पलीकडे सपोर्टला बसलेल्या माणसाला जीपीएल काय ते माहीत नसतं, त्याने नाही म्हटलं तर हे तुमच्या लीगल डिपार्टमेंटला पाठवा असं लिहून पुन्हा पाठवा. आलेला सोर्स मुलाला बिल्ड करून बघू दे, होत नसेल तर काय अडलं ते नेमकं लिहून परत कळवा. बऱ्याच वेळा फाइल राहून गेलेली असते आणि सांगितलं की मिळते.

ग्राहकाने थेट कोर्टात जायचं का हा प्रश्न अमेरिकेत विचारला गेलाय. सॉफ्टवेअर फ्रीडम कन्झर्व्हन्सी या संस्थेने २०२१ मध्ये कॅलिफोर्नियात टीव्ही बनवणाऱ्या व्हिझिओवर केस केली ती टीव्ही विकत घेणारे म्हणून, कोडचे मालक म्हणून नाही. जीपीएल हा करार आहे आणि त्याचा फायदा ज्याच्यासाठी लिहिला तो ग्राहकही तो मागू शकतो, असं त्यांचं म्हणणं. त्याआधीच्या जवळपास सगळ्या केसेस कोड लिहिणाऱ्यांनी केल्या होत्या, म्हणून ही वेगळी आहे.

प्रश्न : आम्ही सोर्स द्यायला तयार आहोत, पण सिक्युअर बूट लावलंय, आमची सही नसलेली इमेज चालत नाही. सिक्युरिटीसाठी हे गरजेचं आहे. यात काही चुकतंय का? (ठाणे)

उत्तर : कुठल्या लायसन्सचा कोड आत आहे त्यावर अवलंबून आहे. टिव्हो नावाचा टीव्ही रेकॉर्डर होता, त्यांनी लिनक्सचा सोर्स दिला पण बदललेली इमेज बॉक्स चालवायचाच नाही. सोर्स मिळाला पण उपयोग शून्य, यावरून फार मोठा वाद झाला आणि २९ जून २००७ ला आलेल्या जीपीएल तीनमध्ये त्यासाठी खास कलम घातलं की घरगुती वापराच्या वस्तूत बदललेली फर्मवेअर टाकून चालवायला लागणारी माहिती, त्यात किल्लीसुद्धा आली, ती द्यायची. लिनक्स कर्नल मात्र जीपीएल दोनवरच राहिला. दोनमध्ये किल्लीचा शब्द नाही, इन्स्टॉल कंट्रोल करणाऱ्या स्क्रिप्ट एवढाच आहे, आणि त्यातून किती अर्थ निघतो यावर जाणकारांत आजही मतभेद आहेत.

तुमचं प्रॉडक्ट कारखान्यात लागणारं असेल तर तीनमधलं ते कलम लागत नाही, ते घरगुती वस्तूंपुरतं आहे. घरात जाणारं असेल आणि आत जीपीएल तीन किंवा एलजीपीएल तीनचं काही असेल, वर नाशिकच्या मुलाला सांगितलेलं क्यूट यातच आलं, तर कुलूप लावून चालणार नाही. माझा सल्ला असा की सिक्युअर बूट ठेवा पण मालकाला स्वतःची किल्ली घालायची वाट द्या, बोर्डवर एखादा जंपर लावून किंवा बटण दाबून, आणि तसं केलं की तुमची क्लाउड सर्व्हिस बंद होईल हे सांगा. सिक्युरिटीही राहते आणि वस्तू ज्याची आहे त्याची राहते. बर्लिनच्या कोर्टाने २०११ मध्ये फ्रिट्झबॉक्स राउटर बनवणाऱ्या एव्हीएमला हेच ऐकवलं होतं. सायबिट्स नावाची कंपनी मुलांसाठीचा वेब फिल्टर बसवताना त्या राउटरची फर्मवेअर बदलायची. एव्हीएमने ते बंद पाडायला मागितलं, कोर्ट म्हणालं जीपीएलचा भाग बदलायला तुम्ही अडवू शकत नाही.

प्रश्न : सगळं वाचून घाम फुटलाय. आमचे चारशेच्या वर बॉक्स सोर्स न देताच गेलेत, तीन वर्षांत. आता काय करू? वकील गाठू का गप्प बसू? (भोसरीचेच दुसरे वाचक)

उत्तर : गप्प बसू नका. घाबरूही नका, कारण या क्षेत्रातल्या बहुतेक लोकांना पैसे नको असतात, सोर्स हवा असतो. हट्टाने टाळणाऱ्यांचं मात्र वाईट होतं. अमेरिकेत २००७ मध्ये बिझीबॉक्सवरून मान्सून मल्टिमीडियावर पहिली केस झाली आणि साधारण सहा आठवड्यांत मिटली, कारण त्यांनी सोर्स द्यायचं मान्य केलं. व्हेरायझनवरची केसही अशीच मिटली, तिथे राउटर बनवणाऱ्या अ‍ॅक्शनटेकने पैसे भरले आणि लायसन्ससाठी माणूस नेमला. उलट वेस्टिंगहाउस डिजिटलने केसमध्ये भाग घेणंच सोडून दिलं तेव्हा २०१० मध्ये ९० हजार डॉलरची भरपाई बसली आणि शिल्लक एचडी टीव्ही जमा करायचा आदेश निघाला.

जीपीएल दोनमध्ये अट मोडली की हक्क आपोआप जातो, हे कडक आहे. पण २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये कर्नलच्या बऱ्याच डेव्हलपरांनी मिळून जाहीर केलंय की जीपीएल तीनची सवलत ते कर्नललाही लावतील, म्हणजे पहिल्यांदा नोटीस आली आणि ३० दिवसांत दुरुस्त केलं तर हक्क कायमचा परत, आणि नोटीस यायच्या आधीच तुम्ही थांबलात, सुधारलंत आणि ६० दिवसांत कोणी हरकत घेतली नाही तरीही परत. तुम्हाला अजून नोटीस नाही, म्हणजे वेळ तुमच्या बाजूने आहे.

म्हणून आज डिस्पॅच थांबवा, एक आठवडा तरी. कुठल्या बॅचला कुठली इमेज गेली ते शोधा, सगळ्यात जास्त वेळ यातच जाईल. इमेज बनवायला बिल्डरूट हे टूल वापरत असाल तर मेक लीगल-इन्फो ही कमांड चालवा, ती प्रत्येक पॅकेजचा सोर्स, पॅचेस आणि लायसन्स एका फोल्डरमध्ये काढून देते आणि यादीही बनवते. योक्टो हे तसंच दुसरं टूल असेल तर आर्कायव्हर क्लास चालू करा, तेच काम होतं. जिथे इमेज मिळते पण सोर्स जुळत नाही तिथे नवी इमेज नव्याने बिल्ड करा आणि जुन्या कस्टमरना अपडेट म्हणून पाठवा, सोर्स आणि लायसन्सच्या मजकुरासकट. चारशे बॉक्सचे कस्टमर किती असतील, वीस-पंचवीस? प्रत्येकाला एक पत्र लिहा की तुमच्या युनिटमध्ये हे हे ओपन सोर्स सॉफ्टवेअर आहे, त्याचा सोर्स इथे आहे आणि मागाल तर आम्ही पाठवू. वकील नक्की गाठा, पण त्याच्याकडे जाताना ती पॅकेजची यादी घेऊन जा, नाहीतर पहिल्या तीन बैठका बॉक्समध्ये काय आहे हे समजण्यातच जातील. यादी करताना कुठल्या पॅकेजचं लायसन्स कळलं नाही तर पॅकेजचं नाव आणि व्हर्जन मला पाठवा, पुढच्या अंकाआधी बघून कळवतो.